डावा बूट

ही विहीर तेलासाठी नाही.
तेल लागलंच तर उलट पंचाईत,
परवानगी फक्त दगडाची आहे.
मंगिस्तावच्या पठारावर, पांढऱ्या कड्यांच्या बरंच आत,
एक मनोरा उभा केलाय
हिऱ्याचे दात कसे मोडतात ते पाहायला.

माझं काम चाळणीपाशी.
दर तीन मीटरला खालून आलेला चुरा उचलायचा,
धुवायचा, भिंगाखाली धरायचा,
पिशवीवर खोली लिहायची.
एक हजार नऊशे बासष्ट: चुनखडी, करडी. शिंपल्याचा तुकडा, एक.
इथे समुद्र होता हे मला रोज नव्यानं कळतं,
आणि रोज मी तो चिकटपट्टी लावून बंद करते.

नवा बिट नॉर्वेहून आला,
लाकडी पेटीत, भुशात निजलेला.
त्याच्या पोटात नखाएवढं यंत्र:
खालची थरथर मोजणार, वर कळवणार.
टॉरलाइफ त्याच्याविषयी बोलतो
तेव्हा आवाज आपोआप खाली आणतो,
पाळण्याशेजारी बोलावं तसा.

ओरिनबासारला काचेच्या केबिनमध्ये खुर्ची दिलीय.
गादीची, गरम होणारी.
तो बसत नाही.
दार उघडं ठेवतो, डावा बूट बाहेर, लोखंडी जाळीवर.
उणे अठरा.
सगळे ओरडतात, दार लाव.
तो म्हणतो, हं.

तिसऱ्या रात्री, चारच्या सुमाराला,
पडद्यावरची रेघ हिरवी होती,
तासाला सतरा मीटर,
टॉरलाइफनं घरी फोटोसुद्धा पाठवला.
ओरिनबासार म्हणाला, वर काढू या.
का?
बरं वाटत नाही.
कुणाला?
त्यानं बुटाकडे पाहिलं.

चाचणीचे नियम बावीस पानांचे आहेत.
त्यांत बूट नाही.
रेघ हिरवी असेतो दोन हजार चारशेपर्यंत जायचंय.
माझ्या चाळणीवर तेव्हा
चुरा पिठासारखा येऊ लागला होता,
कापलेला नाही, दळलेला.
मी तसं लिहिलं. बोलले मात्र नाही.
हे मी इथे लिहून ठेवते.

दोन तासांनी साखळी जागेवरच फिरत राहिली,
गरगर, पुढे काही नाही,
आणि रेघ तरीही सांगत होती: सतरा.

वर काढायला अकरा तास लागले.
पाइपमागून पाइप, वाफाळता चिखल,
कुणी काही बोलेना.
मग तो आला: बोडका.
कडेचे सगळे दात गेलेले,
खांद्याला गोल खाच,
बोचऱ्या म्हाताऱ्यासारखा हसणारा.
पोटातलं यंत्र मध्यरात्रीनंतर कधीतरी मेलं होतं.
शेवटचा चांगला आकडा धरून बसलं होतं,
तोच पुन्हा पुन्हा वर पाठवत होतं.
आम्ही सहा जण पहाटेपर्यंत
भूतकाळाकडे बघून मान डोलवत होतो.

ओरिनबासार काही म्हणाला नाही.
त्यानं मोडक्या बिटावर हात ठेवला, चटकन काढला,
अजून ऊन होता.
मग डब्यातलं उंटिणीचं आंबट दूध
पहिल्यांदा टॉरलाइफच्या कपात ओतलं.
टॉरलाइफनं ते डोळे मिटून प्यायलं.

अहवालात 'चालकाचा शेरा' अशी जागा आहे,
तीन सेंटीमीटर.
मी विचारलं, काय लिहू?
लिही, डाव्या टाचेला मुंग्या, उजव्या नाही.
तीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, तो म्हणाला,
आणि आता जागा कमी आहे.

वसंतात दुसरा बिट आला. दुसरी पेटी, तोच भुसा.
केबिनच्या दाराबाहेर, जाळीवर,
पिवळ्या रंगानं एक चौकोन आखलाय,
आत चार स्क्रूंनी बसवलेली डबी.
इथे उभे राहू नये.

ओरिनबासार चौकोनाच्या किंचित डावीकडे उभा राहतो.
दार उघडंच असतं.
आजची खोली आठशे पाच. खडू, मऊ, पांढरा.
शिंपले नाहीत.
अजून तरी.